मोड, माती आणि खाण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

धातूंचा पुनर्वापर करून आणि खाणीतून निघणारी टाकाऊ माती कामी लावून खाणकामाचा भार हलका करता येईल का, या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या घरातील तांब्याची घंगाळी आणि पितळेची पातेली मोडीत द्यायची आहेत. दुकानदार म्हणतात की हे सगळे वितळून पुन्हा नवे होते. तसे असेल, तर आमच्यासारख्यांच्या मोडीमुळे एखाद्या खाणीतले खोदकाम खरोखर कमी होते का? (एक वाचक, पुणे)

दुकानदारांचे म्हणणे खरे आहे. तांबे कितीही वेळा वितळवले तरी त्याचा गुण उणावत नाही. आता खाणीकडून हिशेब पाहू. गोंदियाच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे आपल्या देशातील तांब्याची सर्वांत मोठी खाण आहे. तेथील खनिजात तांब्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे पाच किलोच्या एका घंगाळाएवढे तांबे मिळवायचे, तर सुमारे पाचशे किलो खनिज पिठासारखे दळावे लागते, पाण्यात फेस करून त्यातील तांब्याचे कण वेगळे काढावे लागतात आणि उरलेला जवळजवळ सगळा गाळ बांध घालून कायमचा सांभाळावा लागतो. खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी काढलेला खडक यात धरलेलाच नाही. आपण मोडीत दिलेल्या घंगाळासाठी हा सगळा खटाटोप एकदा होऊन गेला आहे आणि तो पुन्हा करावा लागत नाही.

तरीही एखादी खाण त्यामुळे थांबते का, या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नाही’ असेच आहे आणि ते लपवून मोडीचे कौतुक करणे मला पटत नाही. विजेच्या तारा, मोटारी, पंखे, वाहने यांसाठी तांब्याची मागणी दरवर्षी वाढत आहे, आणि आज बसवलेली तार मोडीत येते ती कित्येक वर्षांनी. त्यामुळे मोड मागणीचा एक भाग भागवते आणि नव्या खाणीची गरज काही काळ लांबवते. अर्थात, लांबवणे हेही थोडे नाही.

हा लाभ कोठे वाया जातो, हे मात्र आवर्जून सांगतो, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांत तोच मुद्दा येणार आहे : वेगवेगळा माल एकत्र मिसळणे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. पितळ पितळ म्हणूनच वितळवले, तर त्याचे थेट नवे पितळ होते. तेच तांब्याच्या मोडीत मिसळले, तर तांबे पुन्हा शुद्ध करावे लागते. म्हणून तांबे, पितळ आणि कल्हई केलेली भांडी वेगवेगळी द्यावीत आणि लोखंडी कड्या, दांडे काढून ठेवावेत. ज्यांना अजूनही कित्येक घरांत ‘जर्मनची भांडी’ म्हणतात, त्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांचे तर विशेष जपावे. एक टन ॲल्युमिनियम बनवण्यासाठी चार टन किंवा त्याहून अधिक बॉक्साइट (ॲल्युमिनियमचे खनिज) आणि चौदा हजार युनिटच्या घरात वीज लागते. तेच मोडीतून बनवताना जेमतेम पाच टक्के ऊर्जा पुरते. कोल्हापूर जिल्ह्यातील ज्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, पावसाळ्यात रानफुलांचे गालिचे अंथरले जातात, त्यांतील काही सड्यांचा माथा याच बॉक्साइटसाठी खरवडला गेला आहे.

प्रश्न : जुन्या मोबाइलमध्ये सोने असते, असे मुलगा सांगतो. हे कितपत खरे आहे, आणि ते घरी कसे साठवावे? (एक वाचक, नाशिक)

खरे आहे. टोकियो येथील २०२० च्या ऑलिंपिकसाठी जपानमध्ये लोकांकडून सुमारे ७९ हजार टन जुनी छोटी उपकरणे आणि ६२ लाखांहून अधिक मोबाइल गोळा करण्यात आले. त्यांतून ३२ किलो सोने, सुमारे ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य निघाले आणि सुमारे पाच हजार पदके त्यातूनच घडली. जगाचा सरासरी हिशेब मात्र इतका आशादायक नाही. २०२२ मध्ये जगभरात ६२० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे.

आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून उत्पादकांवर ठरावीक प्रमाणात पुनर्चक्रीकरण करण्याची जबाबदारी आहे. आपण फोन साठवूच नये, हे उत्तम. त्यातील माहिती पुसून तो नोंदणीकृत संकलन केंद्राला द्यावा. उघड्यावर तेजाबात बुडवून सोने काढणाऱ्यांच्या हाती तो पडला, तर सोने थोडेसे निघते, पण बाकीचे धातू वाया जातात आणि तेजाब गटारात जाते. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि इतर भंगारात टाकू नये, कारण भंगाराच्या गोदामांत आगी लागण्याचे ते एक कारण आहे.

प्रश्न : आमच्या गावातील भट्ट्यांत भंगार वितळवून सळई बनवतात. भंगाराचे पोलाद हलक्या प्रतीचे असते, असे बांधकाम करणारे काही लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे का? (एक वाचक, जालना)

भंगारापासून बनले म्हणून पोलाद हलक्या प्रतीचे ठरत नाही. जगात पोलादाचा मोठा हिस्सा भंगारातूनच बनतो आणि त्यात अत्यंत उच्च दर्जाचे पोलादही असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पोलाद भंगार पुनर्चक्रीकरण धोरणात दिलेल्या अंदाजानुसार एक टन भंगार वापरले की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा (खनिजापासून लोखंड बनवताना लागणारा खास कोळसा) आणि ५५ किलो चुनखडी वाचते. यातील कोकिंग कोळसा बहुतांशी परदेशातून येतो, तेव्हा जालन्याच्या भट्ट्या एका अर्थाने देशाबाहेरच्या खाणींवरचा भारही हलका करत आहेत.

शंकेत तथ्य आहे ते एवढेच, की भट्टीत काय पडले यावर सगळे ठरते. विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी धातू उत्तम वितळवते, पण तो फारसा शुद्ध करत नाही. मोटारीचे वायंडिंग किंवा गाडीतील तारांचे जुडगे लोखंडासोबत भट्टीत गेले, तर त्यातील तांबे पोलादात विरघळते आणि एकदा विरघळले की ते बाहेर काढण्याचा परवडणारा मार्ग नाही. पोलाद तापवून लाटताना पृष्ठभागावरचे लोखंड गंजून पापुद्र्याच्या रूपाने जाते, तांबे मात्र मागे साचते, कणांच्या सांध्यांत शिरते आणि तेथे चिरा पडतात. यावर भट्टीवाले स्पंज आयर्न नावाचे, तांबे नसलेले लोखंड मिसळून तांब्याचे प्रमाण उतरवतात. पण स्पंज आयर्न बनते खनिजापासून! म्हणजे भंगार निवडताना जो कंटाळा केला, त्याची भरपाई शेवटी खाणीलाच करावी लागते. भंगाराच्या वखारीत चुंबक आणि पक्कड घेऊन तारा सोडवत बसलेल्या कामगाराचे काम म्हणूनच मला भट्टीइतकेच मोलाचे वाटते, आणि त्याला हातमोजे, पादत्राणे व योग्य मजुरी मिळावी, हे धोरणात पहिल्या पानावर यायला हवे असे माझे ठाम मत आहे.

आपल्या देशात दरडोई पोलादाचा वापर वर्षाला शंभर किलोच्या आसपास आहे आणि जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. आज पुलात आणि इमारतीत गेलेली सळई पन्नास-साठ वर्षे बाहेर येणार नाही. त्यामुळे आणखी काही दशके तरी लोहखनिजाच्या खाणी चालू राहतील, हे गृहीत धरूनच पुढचे बोलावे लागते.

प्रश्न : आमच्या गावाभोवती कोळसा खाणींच्या मातीचे डोंगर उभे आहेत आणि दुसऱ्या बाजूला औष्णिक वीज केंद्राची राख आहे. चक्रीय अर्थव्यवस्थेत, म्हणजे टाकाऊ वस्तू पुन्हा वापरात आणणाऱ्या व्यवस्थेत, या दोहोंचे काय करणार? (एक वाचक, चंद्रपूर)

कोळसा एकदा जाळला की संपला. त्याला चक्र नाही, आणि कोळशाच्या खाणीला ‘चक्रीय’ म्हणणे ही दिशाभूल होईल. कोळशाबरोबर जे जे बाहेर येते, त्याचे मात्र बरेच काही करता येते.

खुल्या खाणीत कोळशावरचा जो थर काढतात, त्याला खाणीतले लोक ‘ओबी’ म्हणतात. वर्धा आणि कन्हान नद्यांच्या खोऱ्यांत कोळशाच्या थरांवर बहुधा कामठी वालुकाश्म असतो, त्याच्यावर काही ठिकाणी काळा पाषाण आणि सर्वांत वर काळी माती. वालुकाश्म म्हणजे मूळची वाळूच. तो फोडून, धुऊन आणि चाळून बांधकामाची वाळू मिळते. वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने नागपूर जिल्ह्यात भानेगाव आणि त्यानंतर गोंडेगाव येथे ओबीतून वाळू काढण्याचे प्रकल्प उभारले आणि त्यातील वाळू नागपुरात प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरांसाठी दिली गेली. एकीकडे कन्हान, वैनगंगा, वर्धा या नद्यांची पात्रे वाळूसाठी रात्रंदिवस ओरबाडली जात असताना दुसरीकडे वाळूचेच डोंगर पडून राहावेत, ही विसंगती या प्रयोगामुळे थोडी तरी कमी झाली. खाणीतून उपसलेल्या पाण्याचेही असेच आहे. पाटणसावंगी येथे ते शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावाने बाटल्यांत भरले गेले. पण माझ्या मते बाटलीपेक्षा आसपासच्या गावांचे नळ आणि शेते हा त्या पाण्याचा पहिला हक्काचा मार्ग आहे.

असे प्रकल्प सर्वत्र का होत नाहीत, याचे एक मोठे कारण ढिगातच दडलेले आहे. वालुकाश्म, चिकणमाती, काळा पाषाण, कोळशाचा चुरा आणि वरची सुपीक माती हे सगळे ट्रकच्या एकाच फेरीत एकाच उतारावर ओतले, तर त्यातून पुन्हा वाळू वेगळी करण्याचा खर्च नव्या दगडातून वाळू करण्याहून अधिक होतो. काळ्या मातीचे नुकसान तर भरून न येणारे असते. शेतकऱ्याच्या कित्येक पिढ्यांनी कसलेली ती माती वेगळी ठेवावी, अशी अट पर्यावरण मंजुरीत असते, पण ढिगात वर्षानुवर्षे दडपली गेली की तिच्यातील जिवाणू मरतात आणि ती पुन्हा पसरली तरी पीक धरत नाही. तेव्हा आपल्या ग्रामसभेने खाणीच्या अधिकाऱ्यांना विचारायचा प्रश्न असा : आमच्या शिवारातील काळी माती किती निघाली, ती कोठे ठेवली आहे आणि कोणत्या वर्षी, कोणत्या जागेवर परत पसरणार आहात? याचे उत्तर आकड्यांत आणि नकाशावर मागावे.

आता राखेविषयी. आपल्या कोळशात दर शंभर किलोमागे तीस ते चाळीस किलो राख असते, आणि चंद्रपूरचे वीज केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे, यावरून रोज किती राख निघत असेल याची कल्पना येईल. राखेच्या वापरासंबंधी १९९९ पासून अधिसूचना निघत आल्या आणि २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के वापर बंधनकारक केला. कोरडी, बारीक राख सिमेंट आणि विटांसाठी हातोहात जाते. तीच पाण्यात कालवून तलावात सोडली की जाड-बारीक एक होते आणि तिची किंमत उतरते. बंद खाणींच्या खड्ड्यांत राख भरणे हा मार्गही आता वापरला जातो. हा मार्ग मला सरसकट मान्य नाही. राखेत आर्सेनिकसारखे घटक असतात आणि खड्ड्याचा तळ भूजलाला लागून असतो. भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर आजूबाजूच्या विहिरींचे पाणी तपासून ते निष्कर्ष गावात लावणार नसाल, तर खड्डा भरला म्हणजे प्रश्न मिटला असे म्हणता येणार नाही.

प्रश्न : येथील लोहखनिजाचे जुने ढीग उचलून विकले, तर नवीन खोदकामाची गरजच उरणार नाही, असे सांगितले जाते. आपले मत काय? (एक वाचक, डिचोली, गोवा)

डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांतील ढीग ही गोव्याच्या निर्यातीची मागे राहिलेली बाजू आहे. एक टन खनिजामागे अडीच ते तीन टन माती-दगड काढावा लागे, असा तेथील सर्वसाधारण हिशेब सांगतात. जपानला उत्तम प्रतीचे खनिज जात होते, त्या काळात कमी लोहाच्या मालाला गिऱ्हाईक नव्हते म्हणून तोही ढिगांवर गेला. पुढे चीनमधून मागणी आली आणि तोच माल विकण्याजोगा ठरला. २००९ मध्ये भारतीय खाण ब्युरोने हेमटाइट या लोहखनिजासाठी किमान ४५ टक्के लोहाची मर्यादा ठरवली. त्यामुळे काल कायद्याने टाकाऊ असलेली माती आज खनिज झाली. ‘टाकाऊ’ हा शब्द बाजारभावावर किती अवलंबून असतो, हे यातून दिसते.

२०१२ मध्ये खाणकाम थांबले. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लीजच्या (खाणीसाठी भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीच्या) हद्दीबाहेर ढीग टाकणे कायद्यात बसत नसल्याचे स्पष्ट केले, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि पुढच्या पिढ्यांसाठी खनिजविक्रीतील दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले. २०१८ मध्ये ८८ लीजचे नूतनीकरण रद्द झाले.

ढीग उचलावेत, या मताचा मी आहे, पण सगळे नाहीत आणि सरसकट नाहीत. पावसात घसरून शेतात, ओहोळात आणि पुढे खांडेपार-मांडवीत गाळ सोडणारे ढीग आधी उचलावेत. ज्यांवर झाडे रुजून उतार स्थिर झाले आहेत, ते उकरल्यास जुनी जखम पुन्हा उघडेल. त्यांना हात लावू नये. कमी लोहाचा माल धुऊन वरच्या प्रतीचा करताना बारीक चिखल उरतो. तो कोठे साठवणार, याचे उत्तर मिळाल्याशिवाय लिलाव करणे म्हणजे एक ढीग मोडून दुसरा तयार करणे होय.

नवीन खोदकामाची गरजच उरणार नाही, हे म्हणणे मात्र आज कोणीही सिद्ध करू शकत नाही, कारण एकाच ढिगात वेगवेगळ्या दशकांतला आणि वेगवेगळ्या प्रतींचा माल मिसळलेला आहे. प्रत्येक ढिगात ठरावीक अंतरावर बोअर घेऊन लोहाचे प्रमाण मोजावे, तो लीजच्या आत आहे की बाहेर हे नकाशावर दाखवावे, आणि त्याच्या पायथ्याच्या गावांसमोर ते आकडे कोंकणीत आणि मराठीत वाचून दाखवावेत. ढिगांतून वर्षाला जितके टन उचलले जाईल, तितके टन नव्या खोदकामाच्या मर्यादेतून वजा करण्याची अट परवान्यातच लिहिली, तरच ढिगांतील खनिज खाणीच्या जागी आले असे म्हणता येईल. अशी अट नसेल, तर ते खाणीत भर घालणारे ठरेल, आणि त्या परवान्याला आपल्या पंचायतीने जनसुनावणीत लेखी हरकत घ्यावी.