वाचकांचे प्रश्न : शार्लोट तलावापर्यंतची एक दिवसाची चाल

प्रश्न : दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी पहाटे निघून माथेरानच्या शार्लोट तलावापर्यंत पायी जावे आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतावे, असा आमचा बेत आहे. बरोबर सोळा वर्षांची मुलगी, कॉलेजात जाणारा मुलगा आणि माझे सासरे असतील. सासऱ्यांचे वय ६४ आहे. ते रोज सकाळी तासभर फिरतात, मात्र जिना उतरताना त्यांचा गुडघा दुखतो. कोणी भिवपुरीहून गारबेटच्या वाटेने चढा म्हणतात, कोणी नेरळहून सरळ टॅक्सी करा म्हणतात. आम्ही काय करावे? (एक वाचिका, मुलुंड)

उत्तर : हा बेत एका दिवसात होण्यासारखा आहे, परंतु सर्वांनी एकाच वाटेने वर गेले पाहिजे, हा आग्रह आपण सोडावा. भिवपुरी रोड स्थानकापासून माथेरानच्या पठारापर्यंत सुमारे ७०० मीटर उंची चढावी लागते. डोंगर चालणाऱ्यांचा एक जुना हिशेब आहे : सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरावेत आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्तीचा मोजावा. हा हिशेब सरावाच्या आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. घरच्या मंडळींबरोबर पाणी पीत, दम खात चालायचे असेल, तर त्याच्या दीडपट वेळ हाताशी ठेवलेला बरा. सकाळी सातच्या आत भिवपुरीहून चालायला लागल्यास गारबेट पॉइंटला पोहोचेपर्यंत साधारण अकरा वाजतात. तेथून दस्तुरी नाक्यापर्यंत, म्हणजे नेरळहून येणाऱ्या गाड्या जेथे थांबतात तेथपर्यंत, बरीच चाल आहे, आणि दस्तुरीहून बाजारातून तलावापर्यंत सावकाश गेल्यास आणखी सवा ते दीड तास लागतो. म्हणजे तलाव दिसेपर्यंत दिवसाची बहुतेक ताकद खर्च झालेली असते, आणि दस्तुरीपर्यंतची परतीची चाल अजून बाकी असते.

म्हणून माझा सल्ला असा, की आपण आणि सासऱ्यांनी नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरीला जावे आणि तेथून पुढे चालावे. माथेरान २००३ सालापासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. खासगी वाहने आणि टॅक्सी दस्तुरीलाच थांबतात, त्यामुळे पुढची लाल मातीची वाट झाडांच्या सावलीतून आणि गाड्यांच्या धुराशिवाय चालायला मिळते. दस्तुरी, बाजार, पिसरनाथाचे मंदिर, तलाव आणि परत दस्तुरी, एवढी चाल रोज फिरणाऱ्या माणसाला झेपते आणि तिला किरकोळ फिरणे म्हणता येत नाही. इको पॉइंट आणि लॉर्ड्‌स पॉइंट तलावाच्या जवळच असल्यामुळे वेळ उरला तर ते सहज होतात. येताना थकवा जाणवला, तर बाजाराजवळच्या माथेरान स्थानकातून दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापर्यंत शटल गाडीने येण्याची सोयही आहे, मात्र सुट्टीच्या दिवशी तिकिटासाठी रांग असते.

मुलांची इच्छा असेल, तर त्यांनी गारबेटची वाट अवश्य करावी, पण वाट माहीत असलेल्या माणसाला बरोबर घेऊनच. या वाटेवर लागणाऱ्या धरणाजवळच्या वाडीनंतर गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या वाटा मुख्य वाटेला ठिकठिकाणी फुटतात, आणि नोव्हेंबरात गवत कमरेएवढे असताना फाटा ओळखू येत नाही. वाडीत विचारल्यास वाट दाखवायला बहुधा कोणीतरी मिळते. त्याला योग्य मोबदला द्यावा आणि तो आधीच ठरवून घ्यावा. उतारावर मोबाइलची रेंज कित्येक ठिकाणी जाते, म्हणून दोन्ही गटांनी बाजारात भेटण्याची वेळ घरूनच ठरवून निघावे. मुले दुपारी बारापर्यंत गारबेट पॉइंटला पोहोचली नाहीत, तर त्यांनी तलावाचा नाद सोडून सरळ दस्तुरी गाठावी. नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईच्या परिसरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याच्या बराच आधी अंधारून येते.

गुडघ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चढ झेपला की सगळे झेपले, अशी अनेकांची समजूत असते. चढताना दम लागतो आणि थांबले की तो जातो. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला शरीराचा भार गुडघ्यावर येतो, मांडीचे स्नायू थकले की तो भार सांध्यावर अधिक पडतो, आणि हे दुखणे थांबल्याने लगेच कमी होत नाही. त्यातच दिवाळीनंतर या डोंगरावरचा मुरूम कोरडा आणि भुसभुशीत झालेला असतो, आणि त्यावर आडवे पडलेले वाळके गवत बुटाखालून सटकते. अशा ठिकाणी टाच रोवून लांब पाऊल टाकण्यापेक्षा गुडघा किंचित वाकवून आखूड पावले टाकावीत आणि काठी पावलाच्या आधी खाली टेकवावी. सासऱ्यांना गारबेटचा हा उतार टाळता येतो, तर तो टाळावा. एवढ्या चालीविषयी त्यांच्या डॉक्टरांशीही एकदा बोलून घ्यावे.

पाणी मात्र सर्वांनी घरूनच न्यावे. गारबेटने चढणाऱ्यांना माणशी तीन लिटर लागते. माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा आहे. तो सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यात मुरते आणि खाली बेसाल्टला लागले की उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. त्यामुळे पाऊस संपल्यावरही काही आठवडे ओहोळ वाहताना दिसतात, पण ते कधी आटतील याचा भरवसा नसतो, आणि गुरे वावरत असलेल्या उतारावरचे पाणी न उकळता पिणे योग्य नाही.

प्रश्न : आमचा मित्रांचा गट जुलैत शार्लोट तलावावर जाणार आहे. तलाव भरून वाहत असताना तेथे पोहता येईल का? आमच्यापैकी तिघांना चांगले पोहता येते. (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : नाही, आणि याला पोहता येण्या-न येण्याचा अपवाद नाही. हा तलाव माथेरानच्या पिण्याच्या पाण्यासाठी आहे. गावातल्या माणसांच्या माठात जाणारे पाणी आपण ढवळू नये, हे एकच कारण मला पुरेसे वाटते. दुसरे कारण जिवाचे आहे. तलावाला दगडी बंधारा आहे आणि पावसाळ्यात त्यावरून सांडणारे पाणी पुढे दरीत कोसळते. वरून संथ दिसणारे पाणी सांडव्याकडे ओढ घेत असते. काठाच्या दगडांवर शेवाळ धरलेले असते, गढूळ पाण्यात खोली कोठे वाढते ते दिसत नाही, आणि पाय घसरलेल्या मित्राला काढायला दुसरा उडी मारतो. या तलावात तरुणांचे बुडून मृत्यू झालेले आहेत. बंधाऱ्यावर उभे राहून फोटो काढू नयेत आणि पाण्यात पायही सोडू नयेत.

तलाव पाहायला पावसात जरूर जावे. त्या दिवसांत काठावर दाट धुके उतरते आणि दहा पावलांपलीकडची झाडे दिसेनाशी होतात, पुन्हा काही क्षणांत धुके फाटून समोरचा काठ स्वच्छ दिसतो. हे पाहण्यासाठी दस्तुरीहूनच चालत जावे, गारबेटचा उतार अतिवृष्टीत टाळावा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा रायगड जिल्ह्याचा इशारा पाहावा, आणि तो ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत पुढे ढकलावा. पावसाळी पर्यटनस्थळांविषयी प्रशासन वेळोवेळी मनाईचे आदेश काढते, तेही तपासावेत. ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात विजांचे वादळ बहुधा दुपारनंतर येते, त्यामुळे त्या महिन्यात गारबेटच्या उघड्या माळावरून दुपारच्या आत पुढे सरकलेले असावे.

प्रश्न : नेरळहून छोट्या गाडीच्या रुळांवरून चालत माथेरानला जाता येते, असे ऐकले. तलावासाठी ही वाट सोपी पडेल का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : चढ सौम्य असल्यामुळे ती सोपी वाटते खरी, परंतु रूळ वळणे घेत घेत वर जात असल्यामुळे ही चाल जवळपास २० किलोमीटरची होते, आणि एवढे चालून पुन्हा तलाव गाठून त्याच दिवशी परतणे अवघड आहे. शिवाय विनापरवाना रुळांवर वावरणे हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, म्हणून रूळ मोकळे आहेत असे समजू नये. त्या काळात कडेच्या दरडी सैल झालेल्या असतात आणि दुरुस्तीची कामे चालू असतात. नेरळ स्थानकाबाहेर शेअर टॅक्सी मिळते. सकाळी लवकर पोहोचल्यास फार थांबावेही लागत नाही.