घरोघरी फळझाड लावून घ्यायचंय?

आधी लोकांचं अंगण बघ, मग झाडाचं नाव घे. नाशिकच्या सिडकोतल्या रो हाऊसपुढे जेमतेम पाच-सहा फुटांची माती असते. तिथे आंब्याचा आग्रह धरू नकोस. पुढे भिंत आणि ड्रेनेजचा चेंबर आडवा येतो, झाड तोडावं लागतं, आणि ते घर पुन्हा रोप घेत नाही. अशा जागी कागदी लिंबू, सीताफळ किंवा सरदार जातीच्या पेरूचं कलम द्यावं. गंगापूर रोडच्या जुन्या बंगल्यांत मात्र केशर आंबा, चिकू खुशाल सुचव.

रोप नेहमी कलमीच. पेरूचं कलम दोन-तीन वर्षांत फळ देतं, आणि पहिला पेरू हातात आला की माणूस आपणहून शेजाऱ्याला सांगायला जातो. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखालून फुटवा आला की तो लगेच काढायचा, नाहीतर खालचं रानटी झाडच वाढतं. हे प्रत्येक घरी बोटाने दाखव, नुसतं सांगून लक्षात राहत नाही.

दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा मे महिन्यात खणून तापू दे. लावणी मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर. काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून मुरूम मिसळ.

“पानांचा कचरा होतो” हे ऐकावं लागेलच. वाद घालू नकोस; तीच पानं आळ्यात पसरून दाखव. आणि उन्हाळ्यात एकदा परत जा. पहिल्या उन्हाळ्यात पाण्यावाचून रोपं जातात, तेव्हाच आपली खरी गरज असते.