गाठीची वंशावळ

प्रश्न : माझी मुलगी गणितात एम.एस्सी. करतेय. पुढे कॅन्सरच्या गाठींचे ‘वंशवृक्ष’ शोधण्याच्या कामात जायचं म्हणते. गाठीला कसली वंशावळ? आणि त्यात गणित कुठं आलं?
– एक पालक, मिरज

उत्तर : लहानपणी वडिलांबरोबर त्र्यंबकेश्वरला गेले होते, तेव्हा आमच्या तीर्थोपाध्यायांनी लांबट चोपडी उघडून थेट पणजोबांपर्यंतची नावं वाचून दाखवली होती. गाठीतल्या पेशींची अशी चोपडी कुणी लिहीत नाही. पण एका पेशीच्या दोन होताना डीएनएची नक्कल निघते, तिच्यात एखादी चूक राहते आणि ती पुढच्या पिढ्यांत उतरते. या चुकांवरूनच वंशावळ जुळवायची. माणूस आणि चिंपांझी यांचं नातंही असंच लावतात. गाठसुद्धा अशीच उत्क्रांत होत जाते, हे अमेरिकेतले कॅन्सर-संशोधक पीटर नोवेल यांनी १९७६ मध्ये मांडलं.

वहीत तक्ता काढून बघा. एकाच गाठीचे तीन तुकडे घेतले : क, ख, ग. पहिली चूक तिघांत आहे, म्हणजे ती वंशवृक्षाच्या खोडावरची. दुसरी फक्त क आणि ख यांच्यात, म्हणजे ते दोघे सख्खे, ग चुलत. इथवर सोपं. आता तिसरी चूक ख आणि ग यांच्यात सापडली, क मध्ये नाही. अडलं की नाही? क-ख ही फांदी खरी असेल तर ख-ग ही फांदी त्याच झाडावर बसत नाही. मग डीएनए वाचणाऱ्या यंत्रानं चुकीचं वाचलं का? की ती चूक क मध्येही होती, पण गुणसूत्राचा तेवढा भागच गळून गेला? की ख च्या तुकड्यात दोन घराण्यांच्या पेशी मिसळल्यात? यातलं काय किती संभवतं, याचा हिशेब मांडायला संभाव्यताशास्त्र लागतं. या विषयात मला हीच जागा सर्वांत मोलाची वाटते.

सगळी झाडं काढून तपासू म्हणाल, तर दर ठिकाणी दोनच फांद्या फुटतात असं धरूनही तीन तुकड्यांची ३ झाडं होतात, चारांची १५, पाचांची १०५. दहा तुकड्यांची ३,४४,५९,४२५! विसांचा आकडा तर २२ अंकी आहे. तेव्हा शोधायची युक्ती हवीच.

माझ्या थोरल्या भावाला किडनीचा कॅन्सर होता. सुईनं काढलेल्या इवल्याशा तुकड्याच्या रिपोर्टवरून आम्ही अख्ख्या गाठीचा अंदाज बांधून बसलो होतो. पुढे लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाचं २०१२ मधलं काम वाचलं. त्यांनी किडनीच्या एकेका गाठीतून अनेक ठिकाणचे तुकडे तपासले. डीएनएतले ६३ ते ६९ टक्के बदल असे निघाले की ते सगळ्या तुकड्यांत नव्हतेच. एका रुग्णात व्हीएचएल जनुकाचा बिघाड खोडावर होता, तर सेटडी२ हे जनुक वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे बिघडलेलं होतं. फांदीवरच्या बिघाडावर औषध दिलं, तर बाकीच्या फांद्या हिरव्याच राहण्याची भीती. म्हणून खोड कुठलं आणि फांदी कुठली, हे कळण्याला इतकी किंमत आहे.

मुलीला जाऊ द्या, अगदी मनापासून सांगते. संभाव्यताशास्त्र पक्कं करायला सांगा, प्रोग्रॅमिंग शिकू दे, आणि जीवशास्त्राच्या मुलांत तिनं बसावं-उठावं. त्याआधी चार तुकड्यांची ती १५ झाडं तिला हातानं काढू दे. १२ एका ठेवणीची निघतील, ३ दुसऱ्या. काढताना तुम्हीही शेजारी बसा.