शाखा आधी, कॉलेज नंतर

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की सांगलीत एकच प्रश्न: वालचंद कॉलेज की कराडचं गव्हर्न्मेंट कॉलेज? एक १९४७ चं, दुसरं १९६० चं, दोन्ही नावाजलेली. पण चार वर्षं तुला शाखेत काढायची आहेत. आधी तिचा पूर्ण अभ्यासक्रम वाच, खासकरून दुसऱ्या वर्षापासूनचा. पहिलं वर्ष सगळ्यांचं जवळपास सारखंच, त्यावरून काही कळत नाही.

मग एवढं कर:
- कामाच्या दिवशी जा, लॅबमधली यंत्रं मुलं स्वतः चालवतात का बघ.
- एनबीए (अभ्यासक्रमाचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मानांकन शाखेला मिळतं, अख्ख्या कॉलेजला नाही. तुझ्या शाखेचं विचार.
- प्लेसमेंटमधल्या पगाराचा सर्वांत मोठा आकडा सोड, मधला विचार, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतो तो.

मित्र जातोय म्हणून कॉम्प्युटर भरू नकोस. मेकॅनिकल मनापासून आवडत असेल तर बिनधास्त घे.