वरूडकडच्या संत्राबागेत टाकीचा सेन्सर आणि मोटारीकडचा आर्डुइनो बोर्ड एचसी-०५ या ब्लूटूथ मॉड्यूलने जोडतोय, पण ‘एटी’ ही कमांड टाकल्यावर उत्तरच येत नाही. काय चुकतंय?

बहुतेक संवादाचा वेग (बॉड रेट) चुकतोय: मॉड्यूलवरचं बटण दाबून धरूनच वीज द्या, आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधला सिरियल मॉनिटर ३८४०० वर ठेवून ‘बोथ एनएल अँड सीआर’ निवडा, ‘ओके’ येईल. कमांड मोडचा हा वेग ठरलेला असतो. नेहमीचा ९६०० तिथे चालत नाही. एलईडी दोन-दोन सेकंदांनी सावकाश लुकलुकला की समजा मोड लागला. मग टाकीकडच्या मॉड्यूलला ‘एटी+एडीडीआर?’ विचारून पत्ता घ्या आणि मोटारीकडच्याला द्या:

एटी+रोल=१
एटी+सीमोड=०
एटी+बाइंड=तो पत्ता

पत्त्यातले कोलन काढून स्वल्पविराम टाका, बरेच जण इथेच अडकतात. पासवर्ड दोन्हीकडे सारखा हवा. पल्ला मात्र दहाएक मीटरचाच. टाकी धुऱ्याच्या पार त्या टोकाला असेल तर लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचं रेडिओ मॉड्यूल, घ्या.