वर्षाला ५२ पुस्तकं: संकल्प कुठं अडकतो?

"मॅडम, आधी एका बैठकीत शंभर पानं व्हायची. आता दोन पानं झाली की हात फोनकडं जातोय. माझं डोकंच चालंना झालंय का?"

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब सांभाळणाऱ्या, बेचाळिशीतल्या ताईंचा हा प्रश्न. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जानेवारीत मैत्रिणींच्या ग्रुपवर त्यांनी वर्षभरात ५२ पुस्तकं वाचणार असं जाहीर केलं. मे उजाडला तरी चारच झाली होती. पाचवी, ७०० पानांची ऐतिहासिक कादंबरी, १८० व्या पानावर फेब्रुवारीपासून पडून होती. ग्रुपवर कुणी पुस्तकाचा फोटो टाकला की त्यांना अपराधी वाटायचं.

अशा वेळी आधी एक गोष्ट बघावी लागते. लक्ष फक्त पुस्तकात लागत नाही, की कशातच लागत नाही? झोप बिघडली असेल, दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, आवडीचं सगळंच नकोसं झालं असेल, तर वाचनाचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटणं गरजेचं. ताईंचं तसं काही नव्हतं. मार्चअखेरचं काम त्यांनी चोख केलं होतं.

मग वाचन मोजलं. नेहमीच्या वेगानं १० मिनिटं, समोर घड्याळ. सहा पानं झाली. पानावर साधारण २५० शब्द धरले तर मिनिटाला १५०. वेगात काळजीचं काही नव्हतं. पण पुस्तक त्यांनी हात लांब करून धरलं होतं, आणि चौथ्या पानापासून त्या कपाळ चोळत होत्या. चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते, जवळचं वाचताना ताण पडतो. फोनवरची अक्षरं बोटानं मोठी करता येतात, पुस्तकातली नाहीत. हात फोनकडे जाण्यामागं हेही एक कारण असू शकतं. त्यामुळं पहिला सल्ला होता डोळे तपासून घ्या. जवळचा नंबर निघाला.

दुसरा भाग हिशेबाचा, तो त्यांनी स्वतःच केला. सरासरी २२० पानांची ५२ पुस्तकं म्हणजे ११,४४० पानं. रोज ३१ पानं, म्हणजे त्यांच्या वेगानं ५२ मिनिटं, तीही एकही दिवस खाडा न करता. सकाळी डबे, संध्याकाळी मुलाचा अभ्यास, त्यात गणपती, दिवाळी, लग्नसराई. ही ५२ मिनिटं त्यांच्या दिवसात नव्हतीच. इतके महिने त्या ज्याला आळस म्हणत होत्या, तो आळस नव्हता.

नवं उद्दिष्ट मिनिटांत ठरलं: २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे आठवड्याला ६० पानं. सणवार आणि मार्चअखेरीचे आठ आठवडे आधीच वजा केले. उरलेल्या ४४ आठवड्यांत २,६४० पानं, म्हणजे वर्षाला १२ पुस्तकं. आकडा ऐकून ताईंचा चेहरा पडला. हे होतंच, कारण ५२ वरून १२ वर येणं हरल्यासारखं वाटतं. पण मे महिन्यापर्यंत चार झालीच होती; म्हणजे चाल जवळपास तीच होती, फक्त तिच्यावर नापासचा शिक्का बसला होता.

वेळही बदलली. रात्री अंथरुणात वाचायला घेतलं की पाच मिनिटांत डोळे मिटतात. दिवसभर थकलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? म्हणून कंपनीच्या बसमधली सकाळची २० मिनिटं घेतली. ज्यांना चालत्या गाडीत वाचताना मळमळतं, त्यांनी जेवणाच्या सुट्टीतली वेळ धरावी. फोन पिशवीच्या तळाशी, पुस्तक वर.

तिसऱ्या आठवड्यात अडलंच. घरी पाहुणे, चार दिवस बुडाले, आणि ताई रविवारी ८० मिनिटं भरून काढायला बसल्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक हातात धरवेना. बुडालेली मिनिटं पुढं ओढायची नाहीत, हा नियम मोडला की थकबाकी वाढते आणि माणूस सगळंच सोडतो. सोमवारी पुन्हा २०, बस्स.

ती ७०० पानी कादंबरी त्यांनी ग्रंथालयात परत केली. ५० पानांपर्यंत मन रमलं नाही तर पुस्तक सोडायला हरकत नसते. वाचलेली पानं मात्र वहीत धरायची. नाहीतर पुस्तकांची संख्या वाढवायला माणूस पातळ पुस्तकं शोधतो किंवा जाडजूड पुस्तकात अडकून बसतो. दिवाळी अंकांची पानंही धरायची, ते काही कमी प्रतीचं वाचन नव्हे. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५० पासूनचं ग्रंथालय आहे. घरात दहा न वाचलेली पुस्तकं रचण्यापेक्षा एका वेळी एक आणणं बरं. परतीची तारीख असते, नाही आवडलं तर पैसे वाया गेल्याचं दुःख नसतं.

वहीत तारीख, कुठल्या पानापासून कुठपर्यंत, आणि एक ओळ, एवढंच. दर तीन महिन्यांनी बेरीज. सप्टेंबरअखेरीस ताईंच्या वहीत आठवड्याची सरासरी ५२ पानं निघाली, म्हणून दसऱ्यापासून २० ची १८ मिनिटं केली.