थोरल्याकडे जरा बघ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, दोघंही माझ्याच पोटची, मग एक इतका शांत आणि दुसऱ्याच्या पायाला भिंगरी, असं कसं?" मागे दोघांचा आरडाओरडा चालला होता, त्यात बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून आज सवडीने लिहायला बसले. मी त्यांची आजी आहेच, पण आयुष्यभर लहान मुलांना शिकवलंही आहे. दोन्ही मिळून जे उमगलंय ते सांगते.

सख्ख्या भावंडांची जनुकं सरासरी निम्मीच जुळतात. आणि घर एकच असलं तरी दोघांच्या वाट्याला ते सारखं आलेलं नाही. थोरला जन्मला तेव्हा तुम्ही दोघं नवखे होतात, त्याच्या प्रत्येक शिंकेला धावत होतात. धाकटा आला तो दादा असलेल्या घरात, सरावलेल्या आईबापांच्या हातात. शिवाय मुलं आपापली जागा स्वतःच शोधतात. फ्रान्सिस शॅक्टर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७६ साली दाखवून दिलं की भावंडं स्वतःला एकमेकांपेक्षा वेगळं मानतात. पहिल्या दोन भावंडांत हे जास्त दिसतं, आणि दोघे भाऊ किंवा दोघी बहिणी असतील तर आणखीच. तुझ्या घरात गुणी बाळाची जागा आधीच भरली होती; धाकट्याने दुसरी धरली, यात थोडंफार हेही असावं असं मला वाटतं.

बाकी बराचसा स्वभाव मूल जन्माला येतानाच घेऊन येतं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवरा-बायकोने न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून काही मुलांना तान्हेपणापासून मोठं होईपर्यंत न्याहाळलं. त्यांना सुमारे ४० टक्के मुलं सहज रुळणारी आढळली, १० टक्के सांभाळायला अवघड, १५ टक्के हळूहळू मोकळी होणारी, आणि उरलेली ३५ टक्के यांपैकी कुठेच न बसणारी. मला त्यांची टक्केवारी तितकी महत्त्वाची वाटत नाही. त्यांनी शेवटी ज्यावर भर दिला ते मात्र मी वर्गात रोज पाहिलं आहे. मुलाचा स्वभाव अमुक एक आहे म्हणून बिघडत नाही. भोवतालच्या माणसांची वागणूक आणि त्या स्वभावाची चाल जुळली नाही, की मग खटके उडायला लागतात.

तुझा थोरला त्या हळूहळू मोकळं होणाऱ्यांतला. मागच्या खेपेला तुझ्याकडे पाहुणे आले तेव्हा तो पडद्याची कड मुठीत धरून उभा होता. धाकटा थेट जाऊन विचारत होता, "तुम्ही आमच्याकडे किती दिवस राहणार?" सगळे हसले, त्याचं कौतुक झालं, आणि कुणीतरी थोरल्याला म्हणालं, "तू का रे असा घुम्या?" तू त्याला पुढे ढकललंस तसा तो आणखीच मागे सरला. पण मंडळी आपापसांत बोलायला लागल्यावर तोच चित्रांची वही घेऊन आला आणि त्यांतल्या एका आजोबांना एकेक पान उलगडून दाखवत बसला. तुझं तेव्हा लक्ष नव्हतं. त्याला वेळ हवा होता, तेवढा तो देत जा. "लाजतो तो" असं त्याच्यादेखत कुणाला सांगू नकोस. पाचदा ऐकलं की सहाव्यांदा तो स्वतःच सांगेल.

धाकट्याची मला फार काळजी नाही. त्याला एका जागी बसायला सांगण्याआधी अंगातली रग जिरेल असं काहीतरी करू दे, खेळ थांबवायचा असेल तर आधी कल्पना दे, आणि त्याचा दंगा हा खोडसाळपणा आहे असं धरून चालू नकोस. तो रडतो, ओरडतो, हवं ते मागतो. त्याचं दुखणं तुझ्या कानावर येतंच.

थोरल्याचं येत नाही, आणि या पत्राचं खरं कारण तेच. धाकट्याने त्याची मोटार आपटून चाक तोडलं, तो दिवस आठवतो का? थोरला नुसता "असू दे" म्हणाला. तू त्याला जवळ घेऊन म्हणालीस, "किती समजूतदार आहे माझा राजा!" आणि धाकट्याला समजवायला गेलीस. मी थोड्या वेळाने आतल्या खोलीत गेले तर हा कपाटामागच्या फटीत बसून ते चाक पुन्हा आसावर दाबत होता. दाबायचा, सोडायचा, चाक निखळायचं, पुन्हा दाबायचा. डोळे भरलेले, पण हूं नाही की चूं नाही. मी शेजारी बसले तर म्हणाला, "आईला सांगू नको."

बाळ, हा समजूतदारपणा नव्हे. आपण रडलो तर आईला आणखी एक व्याप होईल, आणि मग आपण तिचा राजा राहणार नाही, एवढं त्या पोराने ताडलं आहे. शाबासकीनेसुद्धा मुलाचं तोंड बंद होतं. वर्गातली गुणी म्हणवली जाणारी किती मुलं मी अशी पाहिली, ज्यांना काय हवंय हे कुणी विचारलंच नाही. "तू मोठा ना, दे त्याला" हे वाक्य तुझ्या घरात दिवसातून बरेचदा ऐकू येतं. त्याची वस्तू त्याचीच राहू दे. द्यायची असेल तर त्याने मनापासून द्यावी, नाही म्हणाला तर तेही चालावं, आणि त्या नकारानंतर तुझा चेहरा पडू नये.

"बघ, दादा कसा बसलाय!" हेही सोड. धाकट्याला ते टोचतं हे तुला कळतं, पण दादाच्या डोक्यावर त्याचं ओझं किती चढतं ते बघ. एकाचं वर्णन करताना दुसऱ्याचं नाव आलंच पाहिजे असं नाही. आणि दोघांना सगळं तोलून सारखं द्यायच्या फंदात पडू नकोस. एकाला जास्त वेळ का लागतो हे सरळ सांगितलं तर मुलांना पटतं. त्यांना लागतं ते कारण न सांगता केलेलं वागणं.

शनिवारी मी येतेय. धाकट्याला घेऊन मैदानावर जाईन, दोन तास तरी परतणार नाही. तेवढा वेळ तू थोरल्याजवळ बस. घरातली कामं पडू देत. चाकाचा विषय तू काढू नकोस, मी कुणाला सांगणार नाही असं त्याला कबूल केलं होतं आणि आज तुझ्याजवळ मोडलं ते त्याच्याचसाठी. तो जे खेळेल ते खेळ, बोलला नाही तरी उठू नकोस. काही म्हणाला तर लगेच समजूत घालायला जाऊ नकोस, त्याला पूर्ण बोलू दे.

जावईबापूंनाही हे पत्र वाचायला दे.

तुझी,
आई